आवाज की ठिपके

फेब्रुवारी लागला हे मला कॅलेंडरने कधी सांगितलं नाही. देवळाली कॅम्पात राहणाऱ्याला ते लष्कराच्या तोफा सांगतात. सराव तसा बरेच महिने चालतो, पण थंडी ओसरून हवा कोरडी झाली की त्या आवाजाला धार येते. पावसाळ्यात जो गोळा लांब कुठेतरी ‘धुम्म’ करून झोपी जातो, तोच आता ‘धाड’ म्हणत येतो आणि आमच्या खिडकीची काच हलवून जातो. बाजारात हातगाड्यांवर द्राक्षं आलेली असतात, त्यांचा गोड-आंबूस वास आणि पेटीतल्या कागदाच्या कातरणाची सळसळ. वरच्या मजल्यावर कुणीतरी गॅलरीत येरझाऱ्या घालत एकच व्याख्या दहादा घोकत असतं. झालं, परीक्षा आल्या म्हणायच्या.

मला दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मध्येच कुणाला ‘अरेरे’ म्हणायला थांबावं लागणार नाही. जन्मापासूनच दिसत नाही, त्यामुळे काही गेल्याचं दुःखही नाही. तीस वर्षं अंध मुलींना ब्रेल शिकवलं, निवृत्त झाले आणि आता घरी बसून आमच्या ह्यांच्यावर मास्तरकी करते. त्यांना दिसतं, पण वस्तू सापडत नाहीत. मला दिसत नाही, पण घरातली सुई कुठे आहे ते मला विचारा.

यंदा तोफा सुरू झाल्या आणि मी सवयीने कोपऱ्यातल्या टेबलाजवळ गेले. खोळीवरून हात फिरवला, थोडी धूळ लागली, ती पदराला पुसली. आणि एकदम लक्षात आलं की यंदा पोटात गोळा नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत मला घास गिळवत नव्हता. आता मात्र मस्तपैकी द्राक्षं खात उभी होते, बिया खिडकीबाहेर थुंकत. खालच्या भोरकाकू ओरडल्या, तेव्हा थांबले.

त्या खोळीखाली आमचा जुना संगणक आहे. वय तीसच्या आसपास. त्यात चित्रं नाहीत, माऊस नाही, इंटरनेट तर नावालाही नाही; सगळा कारभार अक्षरांचा, आणि म्हणूनच तो माझा. त्याच्या शेजारी विटेएवढा एक डबा. पडद्यावर जे येईल ते हा डबा वाचून दाखवतो. नाकात बोलतो, आणि मराठीला इंग्रजी सर्दी झाल्यासारखं बोलतो. मी त्याचं नाव रावसाहेब ठेवलंय. तिसरं यंत्र खाली, जाड गोधडीच्या चार घड्यांवर. ते जाड कागदावर ठिपके ठोकतं, म्हणजे ब्रेल छापतं. गोधडी यासाठी की ते चालू झालं की अख्खी इमारत हादरते. भोरकाकू पहिल्यांदा वर आल्या त्या भांडायलाच आल्या होत्या. आता नुसतं जिन्यातून विचारतात, “ताई, दळण टाकलंत का? आमचेही चार किलो गहू आहेत!”

नवे संगणक नाहीत का? आहेत की. माझा मोबाईलही बोलतो, रावसाहेबांपेक्षा किती तरी गोड बोलतो. पण हे ठोकायचं यंत्र जुनं, त्याची तार जुनी, नव्या संगणकाला ती लागतच नाही. मधे एक जोडणी लावून बघितली तर त्याने दहा पानं नुसता कचरा ठोकला. म्हाताऱ्याचं म्हाताऱ्याशीच पटतं म्हणतात ते खोटं नाही.

सारिका माझ्या शेवटच्या बॅचची मुलगी. सायखेड्याची. घरी कांदा-टोमॅटो, गोदावरीकाठची जमीन, आई-वडील दोघंही दिवसभर रानात. सारिकाला माझ्यासारखंच जन्मापासून दिसत नाही. त्यात दहावीनंतर एक ताप आला आणि जाताना अर्धेअधिक कान घेऊन गेला. कानाला यंत्र लावून समोर बसलं की तिला ऐकू येतं. पण वर्गात नाही, गोंगाटात नाही आणि रेकॉर्डिंग तर मुळीच नाही. म्हणायची, “ताई, सगळं पाण्याखालून बोलल्यागत येतं.” आता आमच्या मुलींचं सगळं शिक्षण कानावर आलंय. पुस्तक ऐकायचं, नोट्स ऐकायच्या. मला त्याचं कौतुकच आहे, आमच्या वेळी हे असतं तर मी कुठल्या कुठे गेले असते! पण जिचे कानच दगा देतात तिने काय करायचं? तिला कागद लागतो. बोटाखाली ठिपका लागतो.

बारावीला ती एकदा ऐकून-ऐकून बसली आणि भूगोलात नापास झाली. पुढच्या वर्षी फॉर्मच भरला नाही. गेल्या वर्षी मी अक्षरशः मागे लागून तिला बसवलं. बाकीचे विषय सुटले होते, राहिला होता एकटा भूगोल, आणि नेमकं त्याचंच पुस्तक ब्रेलमध्ये हाती नव्हतं. छापखान्यात चौकशी केली. परीक्षेच्या दिवसांत तिथे रांग असतेच, आमचा नंबर लागेपर्यंत पेपर होऊन गेला असता. तेव्हा सारिका माझ्यासमोर बसून म्हणाली, “ताई, यंदा नाय झालं तर मी परत नाय बसणार.”

रडत नव्हती. रडली असती तर मी समजूत घातली असती, आयुष्यभर तेच केलंय. ती साधं सांगत होती, उद्या पाणी भरायचं आहे असं सांगावं तसं. या पोरीला शिक्षिका व्हायचं होतं. माझीच खुर्ची हवी होती तिला, लहान मुलींची बोटं धरून पहिला ठिपका दाखवायचा होता. आणि बारावीशिवाय त्या अभ्यासक्रमाच्या दारात कुणी उभं करत नाही. मी म्हणाले, “पुस्तक मी करते.” बोलून बसले आणि मग घाम फुटला.

पुस्तक वाचणार कोण? आमच्या ह्यांना मोतीबिंदू. मग सारिकाच्या आईने, मंदाबाईंनी, अंगावर घेतलं. नववी शिकलेली बाई. दुपारी रानातून आल्या की मोबाईलमध्ये एकेक धडा वाचून भरायच्या आणि मला पाठवायच्या. ते ऐकत मी आमच्या म्हाताऱ्यावर टाइप करायची. ते दोन महिने आठवले की अजून मला सायखेडं ऐकू येतं. मागे पंपाची मोटर, कोंबड्या, लांब एसटीचा हॉर्न, आणि मंदाबाई एकेक शब्द पायरी चाचपत उतरावं तशा वाचतायत. “लोकसंख्येची... घनता... हाड्! हाड्! मेली भाकरीत तोंड घालती... घनता म्हंजे...” एकदा मी तंद्रीत ते ‘हाड हाड’ही टाइप करून ठेवलं.

नकाशाचं पान आलं की त्या गप्प व्हायच्या. मग फोन. “ताई, इथं निस्ता नकाशा हाय. कसा वाचू?”

मी म्हणाले, “मंदाबाई, त्या रेघेवर बोट ठेवा आणि बोट कुठून कुठे जातंय ते सांगत चला.”

“हां. हे बघा, वरून खाली येतंय... आता वळलं, आपल्या नदीवानी वळलं... आन इथं समुद्राला मिळालं. ताई, लय लांब गेली की हो ही!”

जन्मात पहिल्यांदा त्या नकाशा वाचत होत्या, आणि मला तर नकाशा असा कुणी कधी सांगितलाच नव्हता. इतकी वर्षं शिकवूनही मला न सुचलेली गोष्ट नववी शिकलेल्या बाईने बोट फिरवून केली. मी ते सगळं शब्दशः उतरवून घेतलं.

जानेवारी संपताना सगळेच्या सगळे धडे टाइप होऊन तयार. आता त्यांचं ब्रेल करायचं आणि ठोकायचं. एकेका धड्याचं ब्रेल करायला म्हातारा बारा मिनिटं घ्यायचा. चूक सापडली की दुरुस्ती आणि परत बारा मिनिटं. मी पहिल्यापासून उतावळी. मनमाडला माझा शाळेपासूनचा मित्र जयंत आहे, तोही आंधळा, रेल्वेच्या टेलिफोनवर नोकरी केली आणि आता जुन्या संगणकांच्या नादी लागलाय. त्याला फोनवर रडगाणं गायलं. तो म्हणाला, “अगं, तुझ्या म्हाताऱ्याला च्यवनप्राश पाठवतो.” चौथ्या दिवशी पोस्टाने फ्लॉपी आली.

त्या फ्लॉपीत मेमरीची निगा राखणारं सॉफ्टवेअर होतं. आता हे प्रकरण काय, ते मी भोरकाकूंना जसं सांगितलं तसंच सांगते. या जुन्या संगणकात काम करायला एकच खोली असते, सहाशेचाळीस केबीची. जे काही चालवायचं ते त्या खोलीत मावलं पाहिजे. खोलीवर एक माळा असतो. रोजची जी गडीमाणसं असतात, म्हणजे रावसाहेबांचा आवाज, कीबोर्डाचा मदतनीस, छपाईचा मदतनीस, त्यांना माळ्यावर चढवलं तर खाली खोली मोकळी राहते आणि मोठं काम मावतं. संगणक सुरू होताना कुणाला कुठल्या क्रमाने उठवून वर चढवायचं त्याची एक यादी असते. जयंतचं सॉफ्टवेअर दोन कामं करत होतं. प्रत्येकाचं अंग मोजून सांगायचं, आणि डिस्कवरचं वारंवार लागणारं सामान हाताशी आणून ठेवायचं, म्हणजे म्हाताऱ्याच्या खेपा वाचतात.

बसवलं. आणि काय सांगू, बारा मिनिटांची चार झाली! मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या पिटल्या. आमचे हे आतून धावत आले, त्यांना वाटलं मी पडले.

इथे थांबले असते तर ही हकीकत सांगायची वेळच आली नसती. पण हाव. चारची दोन होतील का? जयंत म्हणाला होता, यादीत क्रमाला महत्त्व असतं. क्रम! मला क्रम शिकवतोस? अरे, आंधळ्या बाईचं घर क्रमावरच चालतं. माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर लहान डबे पुढे, मोठे मागे. हाताला आधी लहान लागला पाहिजे, नाहीतर मोठा काढताना लहान पडतो आणि मग जमिनीवर मोहरी वेचत बसा. यादी उघडली तर तिथे सगळा सावळा गोंधळ, रावसाहेब पहिले, बाकीचे कुठेही. मी सगळ्यांची अंगं पाहिली आणि फळी लावतात तशी यादी लावली. लहान आधी, मोठे नंतर, सगळ्यात धिप्पाड रावसाहेब तळाला. आणि नीटनेटकेपणाच्या भरात जुनी यादी पुसून टाकली.

बंद करून पुन्हा सुरू केलं. रावसाहेब बोलले. ब्रेलचा प्रोग्राम चालवला. रावसाहेब नाकातून म्हणाले, मेमरी अपुरी आहे.

पुन्हा चालवला. पुन्हा तेच. मी जयंतच्या सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडली आणि ते काढून टाकलं. तरीही तेच. मग जयंतलाच फोन लावून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचारा शेवटी एवढंच म्हणाला, “शालिनी, तू यादीत काही केलंस का?” मी ठणकावून सांगितलं, “केलं म्हणजे? नीट लावली!” क्रमावर मला संशयच आला नाही. आंधळ्या माणसाला स्वतःच्या क्रमावर संशय घेता येत नाही. घेतला तर घरात एक पाऊल टाकता येणार नाही.

एक गोष्ट कळली होती. आवाज बंद ठेवून सुरू केलं तर ब्रेलचा प्रोग्राम चालतो. आत काहीतरी गुरगुरतं, म्हणजे चालला असणार. पण मग मला काय कळणार? काळोखातच राहणारी मी, मला काळोखाची भीती नाही. पण ती शांतता! समोर काम उघडं पडलंय आणि ते माझ्याशी बोलत नाही. आवाज घ्यावा तर ठिपके नाहीत, ठिपके घ्यावेत तर आवाज नाही. दोघं एका घरात नांदायला तयार नाहीत.

आमच्या ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात झालेलं. घरात एकूण चार डोळे, त्यातला कामाचा एकच, आणि त्यालाही डॉक्टरांनी सुट्टी दिलेली. तरी बिचारे पट्टी सांभाळत टेबलाशी आले. “हं, वाचतो. इंग्रजी सी. मग दोन ठिपके एकावर एक. मग तिरकी काठी.”

“कुठल्या बाजूला तिरकी?”

“तिरकी म्हणजे तिरकी! पडतेय बघ, डावीकडे.”

“अहो, ते वाक्य काय आहे ते सांगा.”

“वाक्य कुठलं? नुसत्या काठ्या आहेत.” दहा मिनिटांत त्यांच्या डोळ्याला पाणी आलं. मी त्यांना हाताला धरून पलंगावर नेलं, डोळ्यात थेंब घातले. नेम माझा चुकत नाही.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सारिका आणि मंदाबाई आल्या. पहिले पाच धडे घेऊन जायला या असं मीच सांगितलं होतं, आणि येऊ नका म्हणायचं धाडस मला झालं नव्हतं. एसट्या सगळ्या अजून त्र्यंबकेश्वरच्या गर्दीत अडकलेल्या, माय-लेकी सगळी वाट उभ्याने आल्या. मंदाबाईंनी टोमॅटोची पिशवी ओट्यावर ठेवली. सारिका सरळ कोपऱ्यात गेली आणि छपाईच्या यंत्रावर तळवा ठेवून उभी राहिली. तिला त्याचा आवाज फारसा येत नाही, पण थरथर येते. ती म्हणायची, तोफा पायातून ऐकते आणि हे हातातून.

“ताई, ही आज धडधडत नाय.”

मी तिच्यासमोर जाऊन मोठ्याने सांगितलं, “थोडं अडलंय गं. उद्या-परवा होईल.”

“बरं,” ती म्हणाली. पेपरला एकोणीस दिवस होते. बोटाने वाचायला वेळ लागतो, पाठ व्हायला त्याहून जास्त; हे मी तिला शिकवलेलं, तेव्हा तिला हिशोब ठाऊक होता. तरी ‘बरं’ म्हणाली. एखादी पोर रुसली, आदळआपट केली तर जिवाला बरं वाटतं. मंदाबाई दारात माझा हात धरून म्हणाल्या, “ताई, तुमी लय केलं. नाय झालं तर नाय झालं. तिच्या नशिबात आसंल तसं.” मला इतका राग आला! त्यांचा नाही, माझा. पोरीचं नशीब माझ्या नीटनेटकेपणाने अडवून धरलं होतं, हे तेव्हा कळलं नव्हतं, पण आत कुठेतरी टोचत होतं. त्या गेल्या आणि मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी, मला बरं वाटावं म्हणून, स्वतः चहा केला. वर उत्साहाच्या भरात सगळी फळी पुसून पुन्हा लावली. मी साखर घ्यायला हात घातला आणि मोहरीचा डबा खाली. कडकट्! ओट्यापासून दारापर्यंत मोहरी. मग मात्र माझा तोल गेला. कालपासूनचं सगळं त्या मोहरीवर काढलं.

“किती वर्षं झाली लग्नाला? लहान पुढे, मोठे मागे! एवढं साधं कळत नाही?”

“अगं कळतं,” ते खाली बसून मोहरी गोळा करत म्हणाले, एका डोळ्याने. “साखरेचा डबा मी घासायला घेतला होता. लहान आधी लावून टाकले, मग तो मागे जाईना. म्हणून बाजूला कोंबला.”

“मग आधी मोठा ठेवायचा!”

“तेच तर. स्टोअरमध्ये आयुष्य गेलं माझं. आधी मोठी पेटी आत, मग लहान कुठेही मावतं. तू तरी फळी लावताना काय करतेस? हाताला आधी लहान लागतो, पण फळीवर आधी गेला कोण? मोठाच ना?”

माझ्या मुठीत मोहरी होती. ती तशीच राहिली. आमच्या ह्यांनी तोफखान्याच्या स्टोअरमध्ये कारकुनी केली, त्या नोकरीला मी आयुष्यभर ‘पेट्या मोजायचं काम’ म्हणून हिणवलं. आणि मी? इतकी वर्षं रोज फळी लावली आणि घेण्याचा क्रम आणि ठेवण्याचा क्रम उलटे असतात हे मला कळलं नव्हतं! माळ्यावर लहान-लहान गडी आधी चढून मोक्याच्या जागा अडवून बसले, आणि धिप्पाड रावसाहेबांना वर जागाच उरली नाही. ते बिचारे खालीच खोलीत पाय पसरून बसलेले. मग ब्रेलचा प्रोग्राम मावणार कुठे? आणि जुनी यादी ‘सावळा गोंधळ’ नव्हती. कुणा जाणत्याने रावसाहेबांना मुद्दाम पहिलं ठेवलं होतं.

चहा निवला. मोहरी पायाला टोचत होती, तशीच टेबलाशी गेले. यादी उघडली. रावसाहेब मुकाट्याने स्वतःचंच नाव वाचत होते आणि मी त्यांना तळातून उचलून सगळ्यांच्या वर नेलं. त्याखाली छपाईवाला, मग कीबोर्डवाला, चिल्लीपिल्ली शेवटी. बंद केलं. सुरू केलं. नेहमीची शिट्टी, डिस्कची गुरगुर, आणि रावसाहेब बोलले. ते बोलणारच होते, खरी परीक्षा पुढे. ब्रेलच्या प्रोग्रामचं नाव टाइप केलं आणि बटण दाबायच्या आधी, खोटं कशाला सांगू, कुलदैवत, ग्रामदैवत, त्र्यंबकराजा, सगळ्यांना एका दमात हाक मारून घेतली.

गुरगुर. मग शांतता. मग नाकातला तो इंग्रजी सर्दी झालेला आवाज: “धडा एक.”

“अहो!” मी अशी किंचाळले की खालून भोरकाकू आल्या. मी हसत होते की रडत होते ते माझं मलाच कळत नव्हतं. छातीवर कित्येक दिवस ठेवलेला पाटा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला, तेवढंच कळत होतं. जयंतला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, “माफी राहू दे, च्यवनप्राश परत दे म्हाताऱ्याला.” दिला. चार मिनिटांत धडा! दोन मिनिटांची हाव पुन्हा धरली नाही.

मग तीन दिवस दळण. यंत्र धाडधाड ठोकत होतं, बाहेर तोफा चालू होत्या आणि कोण कुणाला उत्तर देतंय ते कळत नव्हतं. त्या कागदाच्या दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असतात, त्या फाडून काढाव्या लागतात. ते काम भोरकाकूंनी घेतलं. ह्यांनी एका डोळ्याने पानं लावली, धड्याधड्याला सुतळीने बांधली, तीही अशी घट्ट की जणू एकेक गठ्ठा सीमेवर पाठवायचा आहे. दोन धड्यांच्या मध्ये मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालत होते. घरभर जाड कागदाचा कोरा वास.

निरोप मिळताच सारिका दुसऱ्याच दिवशी धावत आली. यंत्रावर हात ठेवला आणि मला तिचा चेहरा दिसायची गरज पडली नाही. तिने असा श्वास घेतला. यंत्रातून पान निघायचं आणि ती ते गरमागरम भाकरीसारखं ओढून घ्यायची. वाचता वाचता एकदम हसायला लागली.

“ताई, लोकसंख्येच्या धड्यात ‘हाड हाड’ काय लिवलंय?”

“तुझ्या आईने शिकवलंय ते. पेपरात आलं तर लिही,” मी म्हणाले. मग नकाशाचं पान आलं. ‘वरून खाली येतंय, आपल्या नदीवानी वळतंय.’ त्या ओळीवर तिचं बोट थांबलं. मग ती ओळ तिने पुन्हा पहिल्यापासून वाचली. भोरकाकू पट्ट्या फाडत होत्या, तेवढाच आवाज.

होळी झाली, पेपर झाला, उन्हाळा चढला. आता हातात काहीच नसतं, नुसतं थांबायचं. निकालाच्या दुपारी फोन वाजला आणि पलीकडून मंदाबाईंचा नुसता हुंदका. मग एकदम, “झाली! ताई, पोरगी झाली! भूगोलात एकसष्ट!”

हे पलंगावरून विचारत होते, “काय झालं? अगं काय झालं?” मी म्हणाले, “पास झालो.”

यंदा सारिका शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला आहे, वसतिगृहात राहते. परवा म्हणे सरावासाठी एका पाच वर्षांच्या मुलीला पहिला ठिपका दाखवला, आणि ती मुलगी हिचं बोट सोडेचना. मला हे सगळं कळतं, कारण ती फोन करत नाही, ब्रेलमध्ये पत्रं लिहिते. निकालानंतरच्या आठवड्यात आलेलं पहिलं पत्र मी जपून ठेवलंय. आज तोफांच्या आवाजात ते पुन्हा काढलं. सुरुवातीला नमस्कार, काकांचा डोळा कसा आहे, भोरकाकूंना सांगा, वगैरे. मग तिने पेपराबद्दल लिहिलंय. आम्हाला पेपर लिहायला लेखनिक मिळतो, आपण तोंडाने सांगायचं आणि त्याने लिहायचं. तर सारिका लिहिते:

“ताई, मी उत्तर सांगत होते तेव्हा माझं बोट आपोआप बाकावर फिरत होतं. लेखनिक मला म्हणाली, तू हे काय करतेस? मी म्हणाले, वाचतेय. बाक कोरा होता, ताई. पण मला पान लागत होतं.”